हलतं शिल्प: धातूत करावं की लाकडात?

पहिलं हलतं शिल्प करायचं असेल, तर सामान आणण्याआधी ते कशाने हलणार हे ठरवा. वाऱ्यावर हलून गच्चीत राहणार असेल, तर धातूच घ्या. हँडल, वजन किंवा स्प्रिंगवर चालून घरात राहणार असेल, तर लाकूड.

गच्चीसाठी धातूच का, हे अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकीच्या कामांवरून कळतं. त्याची स्टीलची लांब पाती इतकी संथ डोलतात की बघत राहावंसं वाटतं. पात्याच्या खालच्या टोकाशी वजन असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य आसाच्या (पातं ज्यावर डोलतं त्या दांड्याच्या) जरासा खाली येतो. तो आसाच्या जितका जवळ, तितका झोका संथ. इतका नाजूक तोल लाकडात पुण्याच्या पावसाळ्यात टिकत नाही. लाकूड ओल धरतं, वजन बदलतं आणि पातं एका बाजूला झुकतं. स्टेनलेसचा पत्रा भोसरीत लेझरवर कापून मिळतो, पण वेल्डिंग आणि ग्राइंडर फ्लॅटमध्ये चालवायच्या गोष्टी नव्हेत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर वेल्ड करूच नका, त्याचा धूर बाधतो.

लाकडाचा मोठा गुण म्हणजे ते चूक पोटात घेतं. भोक सरकलं तर खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, दुसरं पाडा. मात्र दातेरी चाकं अखंड सागवानी फळीतून कापू नका. फळी रेषांना आडवी फुगते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात गोल चाक लंबगोल होतं आणि दाते अडकतात. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून चांगला बर्च प्लाय (बर्च झाडाच्या लाकडाचं प्लायवूड) आणा. त्याचे थर एकमेकांना आडवे असल्याने तो आकार सोडत नाही. अमेरिकेतल्या डेव्हिड रॉयने 1975 पासून स्प्रिंगवर चालणारी लाकडी भिंतशिल्पं केली आहेत. एका चावीत ती कित्येक तास फिरतात.

आस मात्र दोन्हीकडे धातूचाच हवा. 608 नंबरचं बेअरिंग (आतून 8 मिमी, बाहेरून 22) बोहरी आळीत मागा. हलक्या शिल्पाला त्यातलं ग्रीस जड पडतं. उघडं (बाजूंना झाकण नसलेलं) बेअरिंग घ्या, रॉकेलने धुवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा.

तरीही ठरत नसेल, तर माझं मत शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या धर्तीच्या ‘मोबाइल’च्या, म्हणजे काड्यांना पत्र्याचे तुकडे टांगून तोललेल्या शिल्पाच्या बाजूने आहे: ॲल्युमिनियमचा पत्रा, तार, पक्कड, कानस. वेल्डिंग नाही, आवाजही फारसा नाही. सर्वांत खालच्या काडीपासून सुरुवात करा; खालचं सगळं वजन टांगल्याशिवाय वरच्या काडीचा तोल सापडत नाही.