बेदाण्याच्या पाकिटावरची द्राक्षबाग: नाशिकमधील एका स्टुडिओची एआर-व्हीआर सेवा

पिंपळगाव बसवंतच्या आमच्या बेदाण्यासाठी नाशिकमधील एका लहान स्टुडिओकडून ऑगमेंटेड रिॲलिटीचा (एआर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर आभासी चित्रे दाखवणे) अनुभव करून घेतला. पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की वेगळे ॲप न घेता मोबाइलच्या ब्राउझरमध्येच कॅमेरा सुरू होतो आणि टेबलावर वेल, घड व सुकवणीची शेड क्रमाने उभी राहते. इन्स्टाग्रामसाठी एआर फिल्टर बनवण्याचे मेटा स्पार्क हे व्यासपीठ 14 जानेवारी 2025 रोजी बंद झाले असल्याने इन्स्टाग्रामवर विसंबू नये, हा त्यांचा सल्ला मला पूर्ण पटला. चकचकीत पाकिटावर प्रकाश पडला की ज्या छापील चित्राच्या आधारे वेल उभी राहते, ते कॅमेरा ओळखत नसे. त्यांनी मॅट छपाई आणि ठळक, असमान रेषांचे चित्र सुचवले, तेव्हापासून दुकानातल्या ट्यूबलाइटखालीही वेल डळमळत नाही. त्रिमितीय प्रतिकृती मात्र जड आहेत, आणि मंद नेटवर्कवर ग्राहक कशाला थांबेल?

प्रदर्शनासाठीची व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून पूर्ण आभासी दृश्य पाहणे) सफर निराशाजनक ठरली. बागेतून वेगाने सरकणाऱ्या दृश्यामुळे पाहुण्यांना गरगरले. शरीर स्थिर असताना डोळ्यांना गती दिसली की असे होते, हे डिझाइनरला ठाऊक असायलाच हवे. व्हीआर घ्यायचेच असेल तर उभ्या जागेवरून सभोवार पाहता येईल असे दृश्य मागावे. हेडसेटचे भाडे वेगळे पडते.