फराळाची ऑर्डर साइट: फॉर्म चोख, पावती उघडी

सदाशिव पेठेतल्या एका घरगुती फराळवाल्यांची ही साइट. फॉर्म आटोपशीर आहे: नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड. जन्मतारीख विचारत नाहीत, ईमेलची सक्ती नाही. हे मनापासून आवडलं. जी माहिती घेतलीच नाही ती फुटणार कशी? पैसे पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या, पानावर भरायचे, म्हणजे कार्डाचा नंबर दुकानाकडे जात नाही.

घोळ आहे तो पावतीच्या लिंकमध्ये. शेवटी ऑर्डरचा क्रमांक असतो. ४१२ च्या जागी ४११ टाकलं की दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा पत्ता आणि मोबाइल समोर! सर्व्हर फक्त क्रमांक बघतो, मागणारा कोण हे तपासतच नाही. ओटीपीशिवाय पावती उघडता कामा नये, आणि लिंकमध्ये ओळीने येणाऱ्या आकड्याऐवजी अंदाज न बांधता येणारा लांबलचक कोड हवा. नुसता कोड पुरत नाही, कारण लिंक व्हॉट्सअॅपवर फिरतात.

कुकीच्या पट्टीवर 'नको' म्हणायच्या आधीच गूगल अॅनालिटिक्सची कुकी (साइटला कोण कधी भेट देतं हे मोजण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) बसलेली असते. संगणकावर क्रोममध्ये एफ१२ दाबून 'अॅप्लिकेशन' टॅबमध्ये दिसते. गोपनीयता धोरणात युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याचा उल्लेख आहे, आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा नाही. माहिती पुसायला कोणाला सांगायचं, तेही नाही.

पावतीची लिंक दुरुस्त होईपर्यंत ऑर्डर फोनवरच द्यावी.