आधी कटिंग मशीन की हीट प्रेस? दोन्ही वापरून झाल्यावरचं मत

सध्या माझ्या घरात दोन्ही मशिनं आहेत. आकार कापून देणारं कटिंग मशीन आधी आलं, कपड्यावर छाप उष्णतेने दाबून बसवणारी हीट प्रेस नंतर. राहायला परळला, वन रूम किचन, त्यामुळे दोन्ही एका वेळी टेबलावर मावत नाहीत. एक निघालं की दुसरं पलंगाखाली जातं. रुखवताच्या वस्तू, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण, बारशाची सजावट आणि गोकुळाष्टमी ते गणपती या दिवसांत टी-शर्ट, असं माझं काम. लगीनसराई, पावसाळा, सगळं या दोघांवर काढून झालंय. ‘यातलं आधी काय घेऊ?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणी वाढल्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच देऊन टाकते. कपड्यावर काम करून चार पैसे मिळवायचे असतील तर आधी हीट प्रेस घ्या. कटिंग मशीन मागाहून घेतलं तरी चालतं, नाही घेतलं तरी फार अडत नाही. कागदाचंच काम करणार असाल तर प्रेसचा काहीच उपयोग नाही, मग प्रश्नच मिटला. यूट्यूबवर बहुतेक जणी ‘आधी कटिंग मशीन’ असं सांगतात. ते का पटत नाही ते पुढे येईलच.

दुकानात ‘डाय कटिंग मशीन’ म्हणून दोन वेगळ्याच गोष्टी दाखवतात. एक हाताने फिरवायचं. पोलादी साचा, म्हणजे डाय, त्यावर कागद, दोन्हीकडून प्लास्टिकच्या प्लेट आणि हा सगळा थर दोन रोलरमधून काढायचा, उसाच्या रसाच्या चरकासारखा. सिझिक्सचं बिग शॉट हे यातलं नावाजलेलं; त्याचं तोंड साधारण सहा इंची. वीज नको, कॉम्प्युटर नको, शाळकरी मुलंही चालवतात. पण डाय फुलाची असेल तर जन्मभर तेच फूल, त्याच मापाचं. दुसरं इलेक्ट्रॉनिक. क्रिकट, सिल्हूट कॅमिओ, ब्रदरचं स्कॅन-एन-कट ही त्यातली. यांत डाय नसतेच, बारीक पातं असतं आणि कॉम्प्युटरवर काढलेली रेघ ते कापत जातं. माझं या दुसऱ्या जातीचं, बारा इंची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या वर्गातल्या मशिनांचे गुण-दोष बरेचसे सारखेच आहेत.

कटिंग मशीनचं कौतुक आधी करते, कारण ते खरंच आहे. तोरणाच्या कमानी, मोदकाच्या आकाराचे डबे, पैठणीच्या मोराची जाळी, हे २५० जीएसएमच्या जाड कार्डशीटवर ज्या सफाईने निघतं ते हाताच्या कटरने होणं नाही. क्रिकट मेकरला नाइफ ब्लेड लावलं तर २.४ मिलिमीटर जाडीपर्यंतचा बोर्डही कापता येतो. एकच नाव एकदाच हवं, अशा कामाला या मशिनाला तोड नाही. बारशाच्या पाळण्यावरचं नाव, दारावरची पाटी, वाढदिवसाचा केक टॉपर, ही कामं माझ्याकडे येतात ती त्याच्याच जोरावर.

पण मराठी अक्षरं कापायला बसलात की कसोटी लागते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःचा रेघेचा तुकडा घेऊन येतं, ते तुकडे एकमेकांवर चढतात आणि मशीन प्रत्येक चढीच्या जागी इमानदारीत काप मारतं. ‘शिवांश’ नाव कापलं तर एका नावाऐवजी सुटे तुकडे हातात येतात. कटिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. त्यावर माझा मार्ग असा: इंकस्केप फुकट मिळतं, नाव त्यात टाइप करायचं, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायचं, मग ‘युनियन’. सगळं नाव एकसंध झालं की एसव्हीजी फाइल करून मशीनला द्यायचं.

फाँटही निवडून घ्यावा लागतो. ‘एक टाइप’ या मुंबईच्याच फाँट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट आहेत, जाड वजनात कापायला छान. त्यांचाच मोदक दिसायला गोंडस, मोह होतोच. पण अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या अरुंद की लहान मापात नको तो भाग सोलायचा हुक आत शिरत नाही.

हुकावरून आठवलं. मशीन कापतं ते पाच मिनिटांत. खरा वेळ जातो तो वीडिंगमध्ये. व्हिनाइल म्हणजे चिकटवायची पातळ रंगीत प्लास्टिक शीट; कापल्यावर नको असलेलं व्हिनाइल बारीक हुकाने सोलून काढायचं, ते वीडिंग. दोन इंची ‘शिवांश’मधल्या अनुस्वाराचा ठिपका जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. आजूबाजूचं व्हिनाइल ओढताना तो हमखास सोबत उठतो. मग हुकाच्या टोकावर घेऊन परत जागच्या जागी बसवायचा, ट्यूबलाइट डोक्यावर आणि पंखा बंद. एक नाव असेल तर मजा येते. एका मंडळाची तीस नावं असतील तर मान धरते. मशीनची जाहिरात बघताना हा भाग कोणी दाखवत नाही, आणि मजुरी लावताना आपणही तो धरत नाही.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. जून ते सप्टेंबर कार्डशीट हवेतलं पाणी पिते, कडा वर उचलते आणि कापताना खाली घ्यायच्या चिकट मॅटवर नीट बसत नाही. जाळीची नाजूक डिझाइनं मी तेव्हा घेतच नाही. शीट झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. मॅटचा चिकटपणा गेला असं वाटलं तर लगेच नवी घेऊ नका. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा, बऱ्यापैकी परत येतो.

आता हीट प्रेस. माझी ३८ बाय ३८ सेंटिमीटरची साधी, क्लॅमशेल म्हणजे वर उघडणारी. दुसरा प्रकार स्विंग-अवे, त्यात वरची तापलेली प्लेट बाजूला फिरते. ती सोयीची आणि हाताला सुरक्षित, पण शेजारी तेवढी मोकळी जागा लागते. माझ्या घरात ती असती तर मी कपाट ठेवलं असतं. किमतीला प्रेस माझ्या कटिंग मशीनच्या निम्म्याने पडली. वजन मात्र असं की रोज उचलून ठेवणं एकटीचं काम नाही.

घेण्याआधी घरातलं वायरिंग बघा, हे अगदी ठासून सांगते. या मापाची प्रेस १८०० वॅटपर्यंत असते. २३० व्होल्टला ती जवळपास आठ अँपिअर ओढते. भिंतीतला साधा छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. चाळीतल्या जुन्या खोलीत एक्स्टेंशन बोर्डवर ती लावणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आमच्याकडे लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि सोळा अँपिअरचा सॉकेट आणून वेगळी लाइन काढली. गीझर चालू असताना प्रेस लावायची नाही, हा घरातला नियम. बिलाची भीती मात्र बाळगू नका: सलग तासभर पूर्ण ताकदीने तापली तरी १.८ युनिट, आणि एकदा तापमान गाठलं की ती मधून मधून बंदच असते.

वापर सोपा आहे. सुती टी-शर्टवर व्हिनाइल असेल तर १५० ते १६० अंश, दहा-पंधरा सेकंद. सब्लिमेशनला, म्हणजे खास शाईने कागदावर छापलेलं चित्र दाबून कपड्यावर उतरवायला, १९० ते २०० अंश आणि मिनिटभर. सब्लिमेशनचं एक नीट समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील: त्या शाईची उष्णतेने वाफ होते आणि ती पॉलिएस्टरमध्ये जाऊन बसते. सुतात ती बसत नाही, पहिल्या धुण्यात रंग फिका पडतो. शिवाय त्यात पांढरी शाई नसते, त्यामुळे काळ्या कपड्यावर काहीच दिसत नाही. तिरुपूरहून येणारे सुती टी-शर्ट घेऊन सब्लिमेशन करू म्हणणाऱ्यांनी तिथेच थांबावं. आणि पावसाळ्यात टी-शर्ट आधी नुसताच पाच सेकंद दाबून घ्या. त्यातून जी वाफ निघते ती बघूनच कळेल की कोरडा दिसणारा कपडा किती दमट असतो.

आता मुद्द्याचं. गोविंदा पथकातली पोरं नेहमी ऐनवेळी येतात. “ताई, पुढे लोगो, मागे प्रत्येकाचं नाव, परवा सकाळपर्यंत होईल ना?” लोगो चार-पाच रंगांचा, त्यात हंडी, त्यात मानवी मनोरा. हे व्हिनाइलमध्ये करायचं तर प्रत्येक रंग वेगळा कापा, वेगळा सोला, एकावर एक बसवा. परवा सकाळ सोडा, पुढची अष्टमी उजाडेल. इथे डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे चित्र आधी फिल्मवर छापून मग कपड्यावर दाबायचं) कामाला येतं. मुंबईत डीटीएफ छापून देणारे भरपूर आहेत, साधारण दोन फूट रुंदीच्या फिल्मवर मीटरच्या भावाने छापतात. तुम्ही फाइल पाठवायची, लोगो आणि सगळी नावं त्याच मीटरमध्ये दाटीवाटीने बसवायची, रोल घरी आणायचा, कात्रीने तुकडे करायचे आणि दाबायचे. मराठी नाव कितीही नाजूक असो, वीडिंगच नाही. खाली पांढरा थर छापलेला असतो, म्हणून काळ्या टी-शर्टवरही रंग उठून दिसतात. फिल्म थंड झाल्यावर सोलायची, मग बटर पेपर ठेवून पुन्हा पाच सेकंद दाब द्यायचा. गिऱ्हाइकाला सांगायचं की पहिला दिवस धुऊ नका, नंतर उलटा करून धुवा. एवढं पाळलं तर छापाची तक्रार येत नाही.

म्हणजे प्रेस एकटी पूर्ण काम देते, कारण तिचं अर्धं काम बाजार करून देतो. कटिंग मशीनवर कपड्याचं काम करायचं तर शेवटी दाबायला काहीतरी लागतंच. घरच्या इस्त्रीवर एखादं नाव निभतं. पण वाफेच्या भोकांखाली उष्णता पोचत नाही, दाब हाताचा, आणि व्हिनाइलच्या कडा दोन-तीन धुण्यांत सुटायला लागतात.

कागदाच्या कामातही एक गोष्ट लक्षात घ्या. एकच आकार शेकड्याने हवा असेल, समजा लग्नाच्या मिठाईच्या डब्यांवरचे टॅग, तर घरच्या मशीनवर पात्याची आणि मॅटची वाट लावण्यात अर्थ नाही. गिरगावात कांदेवाडीला, खाडिलकर रोडच्या लग्नपत्रिकांच्या बाजारात चौकशी केली तर डाय पंचिंग करून देणारे सापडतात. एकदा डायचे पैसे द्यायचे, मग नगाला किरकोळ खर्च. मी नमुना घरी कापते, गिऱ्हाइकाला दाखवते आणि मोठा लॉट बाहेर देते.

कटिंग मशीन घेताना सॉफ्टवेअरची अट वाचा. २०२१च्या मार्चमध्ये क्रिकटने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला २० डिझाइनंच अपलोड करता येतील असं जाहीर केलं होतं. लोकांनी ओरड केल्यावर ते मागे घेतलं, पण मशीन आपलं आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही गोष्ट तेव्हा उघड झाली.

फाइव्ह-इन-वन प्रेसच्या नादी लागू नका. कॉफीचे मग, टोपी, थाळी यांच्यासाठीचे सुटे भाग पुढे माळ्यावर जातात आणि कपड्याची सपाट प्लेट त्यात बहुधा लहान मिळते. फक्त कॉफीचे मग छापायचे असतील तर वेगळी मग-प्रेस घ्या. आणि प्रेस ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन घ्या, सोबत साध्या कागदाच्या चार पट्ट्या न्या. मशीन थंड असतानाच प्लेटच्या चारही कोपऱ्यांत एकेक पट्टी ठेवून झाकण दाबायचं आणि एकेक ओढून बघायची. चारही सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत. बिजागरीकडची घट्ट आणि पुढची सहज सुटली तर तुमच्या टी-शर्टचा छाप गळ्याकडे बसणार आणि पोटाकडे उचलणार. दुकानदार म्हणतो, “ताई, सगळी अशीच असतात.” नसतात. दुसरं खोकं उघडायला लावा.