सातारची सैनिक शाळा की जिल्ह्याचं नवोदय?

सातारची सैनिक शाळा आणि केंद्र सरकारचं जवाहर नवोदय विद्यालय: दोन्हीकडे सहावीला परीक्षा देऊन प्रवेश, दोन्हीकडे वसतिगृह, दोन्हीकडे सीबीएसई. म्हणून पालक दोन्ही फॉर्म भरतात आणि जिथे नंबर लागेल तिथे पोराला धाडतात. मला हे पटत नाही. या शाळा कशासाठी निघाल्या ते आधी बघा.

सातारची शाळा २३ जून १९६१ ची, देशातली पहिली सैनिक शाळा. कल्पना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. तोवर लष्करी अधिकारी व्हायचं तर महागड्या पब्लिक स्कूलच्या मुलांचं पारडं जड असे. साध्या घरातली पोरं एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पोचावीत, यासाठी ही शाळा. म्हणून इथे लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणीही असते. मुलींना मात्र दार उघडायला २०२१ साल उजाडलं. साठ वर्षं!

नवोदयचा जन्म १९८६ च्या शैक्षणिक धोरणातला, राजीव गांधींच्या काळातला. प्रयोग म्हणून पहिल्या दोनच शाळा निघाल्या: एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीत. खेड्यातल्या हुशार मुलाला पैशाअभावी अडू द्यायचं नाही, हा हेतू. त्यामुळे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एकतृतीयांश मुलींना आणि सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं, तीही त्याच जिल्ह्यातली. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं फुकट. नववीपासून काही मुलांना विकास निधी भरावा लागतो. सैनिक शाळेचा खर्च मात्र वर्षाला लाखाच्या पुढे जातो. उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते, पण आधी हिशेब मांडून ठेवा.

परीक्षाही आपापल्या हेतूसारख्या. नवोदयच्या १०० गुणांपैकी ५० बुद्धिमत्ता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि भाषेत निम्मे निम्मे. आधीची शाळा कशी का असेना, चुणचुणीत मूल सापडावं ही त्यामागची समजूत. (क्लासवाल्यांनी तिची पार वाट लावली आहे, हा भाग वेगळा.) सैनिकच्या सहावीच्या ३०० गुणांपैकी गणितालाच १५०. गणितात कच्चं असलेलं पोर तिथे रिकाम्या हाताने परत येतं.

मुलाला लष्करी गणवेशाची खरंच ओढ असेल आणि दृष्टी, प्रकृती ठीक असेल, तर सातारा. डॉक्टर, इंजिनिअर किंवा अजून काहीच ठरलेलं नसेल आणि घर खेड्यात असेल, तर नवोदय, बिनघोर. तिथे नववीतली काही मुलं वर्षभर परराज्यातल्या नवोदयात पाठवतात. आईबापांना ते जड जातं, मला मात्र हाच त्या शाळेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

एक व्यवहाराची गोष्ट: नवोदयची सहावीची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. सैनिकमध्ये सहावीची संधी हुकली, तर नववीला पुन्हा परीक्षा असते. नवोदयमध्ये नववीला फक्त रिकाम्या झालेल्या जागा भरतात.