जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ, फुकटचं ऑडिओबुक: ॲक्सेल गेला कुठे?

काल ॲप अपडेट झालं आणि डाउनलोड केलेली सगळी प्रकरणं उडाली, त्या रागात हे लिहायला बसलोय, नाहीतर लिहू लिहू म्हणत कित्येक महिने नुसतं ऐकतच होतो. पुस्तक तुम्हाला माहितीच असेल, ज्यूल व्हर्नचं, १८६४ चं, आइसलँडच्या ज्वालामुखीतून पृथ्वीच्या पोटात उतरतात ते. लहानपणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीतूनच वाचला, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही.

मी बडोदा-आणंद अपडाउनवाला. पास काढलेला, मेमू लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर नशीब, आणि उभ्याने पुस्तक धरणं काही जमत नाही. म्हणून ऑडिओ. पैसे भरायची मेंबरशिप घ्यायची नव्हती, कारण दीडशे वर्षं जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकासाठी दर महिन्याला पैसे कापून द्यायचे हे मला पटतच नाही. स्वयंसेवकांनी वाचून फुकट ठेवलेलं रेकॉर्डिंग होतं, ते घेतलं. शिवाय जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक इंग्रजी पेपरबॅक भाच्यासाठी आणलं. तो नववीत आहे, दांडिया बाजारात आमच्याच वाड्यात राहतो. प्लॅन असा की त्याने वाचायचं, मी ऐकायचं आणि रात्री जेवताना गप्पा मारायच्या.

पहिल्याच रात्री घोळ. गोष्ट सांगणाऱ्या पुतण्याला तो म्हणतो ॲक्सेल, मी म्हणतो हॅरी. काकांना तो म्हणतो प्रोफेसर लिडेनब्रॉक, माझ्या कानात प्रोफेसर हार्डविग. पुतण्याचं जिच्यावर प्रेम आहे ती त्याच्याकडे ग्रॉयबेन, माझ्याकडे ग्रेचेन. मला आधी वाटलं पोरगं वाचतच नाहीये, थापा मारतंय. मग पुस्तक उघडून समोरासमोर लावून बघितलं तर खरंच दोन वेगळी पुस्तकं! झालंय असं की १८७१ साली लंडनला जे इंग्रजी भाषांतर निघालं त्यात भाषांतरकाराने (नाव पण दिलेलं नाही त्याने, बरोबरच आहे) पात्रांची नावं बदलली, पोराला अर्धा इंग्रज केला आणि काका सख्खे न ठेवता मावशीचे यजमान करून टाकले. अरे कशाला? हॅम्बुर्गमधला जर्मन काका आणि जर्मन पुतण्या, एवढं साधं होतं, त्यात वाचकाला काय जड जाणार होतं? आणि नावांवर थांबला असता तरी चाललं असतं, पण शेवटाकडे चक्क एक राक्षसी वानर घुसवलंय जे व्हर्नने लिहिलेलंच नाही. भाच्याच्या पेपरबॅकमध्ये १८७७ चं मॅलेसन नावाच्या पाद्र्याचं भाषांतर आहे, त्यात नावं बरीचशी मूळची आहेत आणि हे वानर नाही.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय. पण मला हे जाम लागलंय. डाउनलोडच्या पानावर कव्हर दिसतं, लेखकाचं नाव दिसतं, पण भाषांतर कोणतं ते शोधायला खाली खाली जावं लागतं. फुकट आहे म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार! वर प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तीच घोषणा, की हे रेकॉर्डिंग सार्वजनिक आहे वगैरे वगैरे. चाळीसच्या वर प्रकरणं आहेत हो. प्रत्येक वेळी. आता झोपेत पण म्हणून दाखवीन.

दुसरी अडचण सुरुवातीच्या गुप्तलेखाची. साक्नुसेम नावाच्या जुन्या किमयागाराची चिठ्ठी, रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत, सगळी उलटसुलट अक्षरं. पुस्तकात ती डोळ्यासमोर असते, आपण पण सोडवायला बसतो. ऑडिओत वाचणारा बिचारा एकेक अक्षर उच्चारत जातो, आणि आपण मही नदीच्या पुलावर, खाली लोखंडी खडखडाट, काय डोंबल कळणार. पुतण्या उकडतंय म्हणून तोच कागद घेऊन वारा घालतो आणि कागदाची मागची बाजू दिसल्यावर त्याला कळतं की शेवटाकडून वाचायचंय, ही इतकी मस्त युक्ती कानाने ऐकताना वाया जाते. हे प्रकरण प्लीज छापील वाचा.

इथपर्यंत माझ्या हिशोबी दोन स्टार होते. पण मग तो हरवण्याचा भाग आला आणि मत बदलावं लागलं. पोरगा बोगद्यात एकटा पडतो, दिवा विझतो, पूर्ण काळोख. आणि भिंतीला कान लावल्यावर लांबून काकांचा आवाज येतो, विजापूरच्या गोलघुमटात येतो ना तसा. मग अंतर किती ते काढायला दोघं घड्याळ लावतात. काका हाक मारतात, ऐकू आल्याबरोबर हा उत्तर देतो, काकांच्या घड्याळात मध्ये ४० सेकंद गेलेले. म्हणजे एका बाजूने २०. आवाज सेकंदाला १०२० फूट जातो असं धरून २०,४०० फूट. हा प्रसंग मी संध्याकाळच्या गाडीत ऐकला, डब्यातले दिवे गेले होते, दोन्ही कानात इयरफोन, आणि सांगतो, अंगावर काटा आला. छापील वाचून हे होणार नाही, कारण कागदावर ते ४० सेकंद नुसता आकडा असतो आणि इथे आपण पण त्याच्याबरोबर काळोखात कान लावून बसलेलो असतो.

रात्री भाच्याला सांगितलं तर तो लगेच वही घेऊन बसला. "मामा, तुझा हॅरी चुकतोय, १०२० फूट म्हणजे ३११ मीटरच होतात, आमच्या शाळेच्या पुस्तकात २२ डिग्रीला ३४४ आहे." मी म्हटलं माझा हॅरी नाही, तुझा ॲक्सेल पण तेच म्हणतोय, बघ उघडून. बघितलं, तेच होतं. ३४४ ने अंतर काढलं तर ६२०० च्या जागी ६८८० मीटर येतं, म्हणजे जवळजवळ सातशे मीटरचा फरक. काळोखात सरपटत जाणाऱ्या माणसाला सातशे मीटर म्हणजे थोडं नाही. पण पोरगं सुट्टीच्या रात्री स्वतःहून ध्वनीचं प्रकरण उघडून बसलं, हे ट्यूशनवाल्यांना वर्षभरात जमलं नव्हतं.

आणि हान्स! हान्ससाठी एक स्टार वेगळा. आइसलँडचा वाटाड्या, दिवसभरात दोन शब्द बोलत नाही, पण ठरलेले तीन रिक्सडॉलर (तेव्हाचं तिकडचं नाणं) दर शनिवारी संध्याकाळी रोख हातात पाहिजेत. जमिनीखाली, त्या आतल्या समुद्रावर, तराफ्यावर असताना पण शनिवार आला की सहा वाजता पगार मागतो आणि काका मुकाट्याने मोजून देतात. खर्च कुठे करणार, दुकान तर नाही! पण ठरलं म्हणजे ठरलं. पाणी शोधून देणारा तोच, तराफा बांधणारा तोच, जीव वाचवणारा पण तोच, आणि पगारवाढ शून्य. आमच्या ऑफिसात दाखवायला पाहिजे हे प्रकरण, पगार सात तारखेचा दहा तारखेला टाकतात त्यांना.

हां, अपडेट. वरचं सगळं लिहून झाल्यावर भाच्याने शोधून दिलं की मॅलेसनच्या भाषांतराचं पण फुकट रेकॉर्डिंग आहे. पहिली तीन प्रकरणं पेपरबॅकशी ताडून बघितली, नावं सगळी जुळतात. घोषणा तिथेही आहेच, प्रत्येक प्रकरणाला, ती काही सुटत नाही. तर डाउनलोड करायच्या आधी पहिलं प्रकरण दोन मिनिटं ऐका. हार्डविग ऐकू आलं तर सोडून द्या, लिडेनब्रॉक आलं तर घ्या.

गंमत म्हणजे भाच्याला आता हॅरीवालंच ऐकायचंय. का, तर त्यात वानर आहे. मी समजावलं की ते नकली आहे, लेखकाचं नाही, मध्येच कुणीतरी टाकलंय. त्याला काही फरक पडत नाही. "मग काय झालं, फुकट जास्तीचं मिळतंय ना," म्हणे. घरातलंच रक्त, काय बोलणार.

स्टार: हॅरीवाल्याला तीन, मॅलेसनवाल्याला चार, पेपरबॅकला चार (फॉन्ट बारीक आहे, चष्मा लागतो). पुढचं त्याला व्हर्नचंच समुद्राखालचं, कॅप्टन नेमोचं, ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ पाहिजे. त्या पुस्तकाच्या १८७२ च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात तर जवळजवळ पाव पुस्तकच गाळलंय, आणि तेच भाषांतर स्वस्तातल्या आवृत्त्यांत वर्षानुवर्षं छापत आलेत. म्हणून यावेळी विकत काही घेत नाही, आधी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आतलं पहिलं पान बघून येतो. तुमच्यापैकी कुणाकडे न गाळलेली, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरातली प्रत असेल तर भाषांतरकाराचं नाव तेवढं कळवा.