सोलर स्ट्रक्चरचा १९ महिन्यांचा अनुभव: पॅनल नंतर बघा, आधी बोल्ट बघा

जुलैमधल्या एका रात्री अडीचच्या सुमाराला गच्चीवर खडखड सुरू झाली. वारा आला की आवाज, वारा थांबला की शांत. हे बॅटरी घेऊन वर गेले. वरच्या रांगेतलं कोपऱ्यातलं पॅनल एका बाजूने बोटभर उचललं जात होतं आणि परत आपटत होतं. क्लॅम्पचा बोल्ट गंजला होता, त्याचा स्प्रिंग वॉशर तुटून खाली फरशीवर पडला होता. सिस्टिम बसवून तेव्हा जेमतेम १४ महिने झाले होते.

आमचं पुण्यात धायरीत एक मजल्याचं घर आहे. मे २०२४ मध्ये ५४० वॉटची सहा पॅनल बसवली, म्हणजे ३.२४ किलोवॉट. पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० रुपयांची सबसिडी मिळाली, जाणारी-येणारी वीज मोजणारा नेट मीटर लागला. युनिटबद्दल माझी काही तक्रार नाही. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट, भर पावसाळ्यात निम्मे. पॅनल आणि इन्व्हर्टरवर सगळेच लिहितात, म्हणून मी ते सोडते. मला लिहायचंय ते स्ट्रक्चरबद्दल, म्हणजे पॅनल ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतात त्याबद्दल, आणि त्यातही नट-बोल्टबद्दल.

सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केल्यावर अकराव्या दिवशी दोन मुलं आली. बोल्ट आवळला, नवा वॉशर घातला आणि बाकीच्या गंजावर चंदेरी स्प्रे मारला. मी विचारलं, हे काय करताय? "काकू, वरवरचा गंज असतो तो, पावसाळ्यात होतोच." ऑफिसला फोन केला तर म्हणाले, स्ट्रक्चरला पाच वर्षांची वॉरंटी आहे, हार्डवेअर, म्हणजे नट-बोल्ट, त्यात येत नाही. मी कोटेशन काढलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: जीआय स्ट्रक्चर, एसएस ३०४ हार्डवेअर. म्हणजे पाइप जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. तो कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. पुढचे तीन महिने उत्तर नाही.

तेव्हा मी सगळ्या स्ट्रक्चरलाच नावं ठेवत होते. जीआय पाइप घेऊन फसलो, अॲल्युमिनियम घ्यायला हवं होतं, असं दोन शेजाऱ्यांना सांगूनही झालं. ते माझं म्हणणं मला मागे घ्यावं लागतंय.

माझा भाचा हिमाचलात केलाँगला कामाला आहे, दिवाळीला सुट्टीवर आला होता. त्यांच्या कॅम्पवर सोलर आहे आणि हिवाळ्याआधी त्याची देखभाल त्याच्याकडे असते. फराळ झाल्यावर म्हणाला, "मावशी, घरात लोहचुंबक आहे का?" फ्रिजवरचं दिलं. वर जाऊन त्याने एकेका बोल्टला लावून बघितलं. ३०४ जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, फार तर किंचित ओढ जाणवते. आमच्या ५६ बोल्टांपैकी ५६ च्या ५६ ना चुंबक घट्ट चिकटलं. स्टेनलेसच्या बोल्टच्या डोक्यावर बहुतेक वेळा ए२-७० असं कोरलेलं असतं, ए२ म्हणजेच ३०४ च्या जातीचं. आमच्याकडे एकावरही नव्हतं. साध्या लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट होते. तो मुलामा पाच-दहा मायक्रॉनचा असतो, पुण्याचे दोन पावसाळे तो संपवायला पुरतात.

पाइप मात्र त्याने तपासून चांगले ठरवले. गरम जस्तात बुडवलेलं जाड सेक्शन, त्यावर ८० मायक्रॉनच्या आसपास थर. गंज होता तो फक्त जिथे ग्राइंडरने गच्चीवरच कापलं त्या टोकांना, कारण तिथे जस्त उरत नाही. तिथे झिंक पेंटचे दोन हात हवेत, चंदेरी रंग नुसता दिसायला. आठपैकी चार खांबांची टोपणंही नव्हती. केलाँगला असा उघडा पाइप ठेवला तर त्यात पाणी साठतं, गोठताना ते नऊ टक्के फुगतं आणि पाइप उभा फाटतो. आपल्याकडे गोठत नाही, पण पाणी आत साठून पाइप आतून खातं आणि बाहेरून काही कळत नाही.

मग तिथलं स्ट्रक्चर कसं असतं हे मी खोदून खोदून विचारलं. आमचा कोन १८ अंशांचा आहे, पुण्याच्या अक्षांशाएवढा. तिथे ४५ च्या पुढे ठेवतात, म्हणजे बर्फ घसरून पडतो. खालची कड जमिनीपासून तीन-चार फूट वर, नाहीतर घसरलेल्या बर्फाचा ढीग पॅनललाच टेकतो. खांबाचा पाया जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली न्यावा लागतो, कारण ओली माती गोठताना फुगते आणि पाया वर ढकलते.

मी म्हटलं, तुमच्याकडे बर्फाचं ओझं आहे, आम्हाला पुण्यात एवढं काय? त्याने मोबाइलवर हिशोब करून दाखवला. दबून घट्ट झालेला बर्फ घनमीटरला ३०० किलोच्या आसपास धरला, तर फूटभर थराचं आमच्या एका पॅनलवर साधारण २३५ किलो वजन होतं. आणि पुण्यासाठी वाऱ्याचा मानक वेग, आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातला, सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा मूळ दाब त्याच पॅनलवर काढला तर २४० किलो. आकार, उंची, कोन यांनी तो कमी-जास्त होतो, पण अंदाज यायला तेवढं पुरे. तिथे वजन वरून दाबतं, ते खांब आणि पाया सोसतात. इथे आठ फूट उंच स्ट्रक्चरच्या खालून वारा शिरतो आणि पॅनल उचलतो. ते धरून ठेवतात क्लॅम्प आणि बोल्ट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या शेजारच्या शेडचे पत्रे हुकांसकट उडालेले मी पाहिलेत, त्यामुळे हा आकडा मला पुस्तकी वाटला नाही.

आणखी एक त्याने सांगितलेलं. एप्रिलच्या दुपारी फ्रेम ६० अंशांच्या पुढे तापते, डिसेंबरच्या पहाटे दहावर येते. ५० अंशांच्या फरकात पॅनलखालची सहा मीटरची अॅल्युमिनियम रेल सात मिलिमीटर लांब-आखूड होते, लोखंडी त्याच्या निम्मी. रोज थोडी थोडी होणाऱ्या या हालचालीने नट सैल होत जातात. म्हणून लांबट भोकं, चांगले वॉशर, आणि वर्षातून एकदा पाना फिरवणं.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ए२-७० चे ५६ नट-बोल्ट वॉशरसकट १,६४० रुपयांना मिळाले. दोन लाखांच्या कामात सोळाशे रुपये! लोखंडी बोल्टचे निम्मे धरले तर त्यांनी आठशे रुपये वाचवले असतील, आणि त्यासाठी २८ किलोचं पॅनल आमच्या डोक्यावर आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर टांगतं ठेवलं. हा राग माझा अजून गेलेला नाही. चुंबकाचा व्हिडिओ आणि बिल पाठवल्यावर मात्र चौथ्या दिवशी माणूस आला, बोल्ट बदलून दिले आणि १,६४० परत केले.

बदलताना एक लक्ष ठेवा. स्टेनलेसवर स्टेनलेस नट मशिनने भरकन आवळला तर मध्येच जॅम होतो, मग कापूनच काढावा लागतो. आटे ग्रीस लावून हाताच्या पान्याने आवळायचे. आमचे दोन असेच गेले.

एका गोष्टीत आमचा निर्णय बरोबर ठरला, तेही सांगते. स्लॅबला ड्रिल करू दिलं नाही. खांब काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे आहेत, चायना मोझॅकला धक्का नाही, आणि दोन पावसाळ्यांत खाली एक थेंब नाही. ठोकळे वजनदार लागतात, स्लॅब ते पेलेल का हे इंजिनिअरला विचारून घ्या. वाळवणाला दक्षिणेकडची पट्टी मोकळी ठेवली होती, ती कुरडयांना पुरते.

भाच्याने जाण्याआधी प्रत्येक नटावरून बोल्टवर लाल मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. काल रविवारी वर जाऊन सगळ्या ५६ बघितल्या. खालच्या रांगेतली एक केसभर सरकली आहे, ती आज संध्याकाळी हे आवळणार आहेत.