फीडर : खातं न मागणारा आरएसएस रीडर

अनेक साइटवरचे नवे लेख एका जागी वाचायची सोय देणारा गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, पण तो ज्यांच्या जिवावर चालायचा त्या आरएसएस आणि ॲटम फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या लेखांच्या ॲपला वाचता येणाऱ्या याद्या, आजही जागच्या जागी आहेत. वर्डप्रेस आणि ब्लॉगर त्या आपोआप बनवतात, त्यामुळे लेखकाला पत्ता नसला तरी त्याच्या ब्लॉगला बहुधा फीड असतेच. अँड्रॉइड फोनवर त्या वाचायला 'फीडर' हे ॲप सगळ्यात उजवं आहे. फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडायचं नाही. प्ले स्टोअर आणि एफ-ड्रॉइड दोन्हीकडे मिळतं. आयफोनवर मात्र नाही.

फीड जोडायला मेनूतून 'ॲड फीड' निवडून साइटचा साधा पत्ता टाकला की पानात नोंदवलेली फीड ॲप स्वतः हुडकतं. नाही सापडली तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहून पाहावं. हीच युक्ती एखाद्या टॅगच्या किंवा विभागाच्या पानालाही चालते. रोज पंचवीस लेख टाकणाऱ्या साइटवरून फक्त नाटकाचा विभाग हवा असेल तर याहून सोपा उपाय नाही. यूट्यूब चॅनेललाही फीड असते, पण तिच्यात शेवटचे १५ व्हिडिओच येतात. मराठी विकिपीडियावर कोणत्याही लेखाच्या इतिहासाच्या पानाला ॲटम फीड आहे. आपल्या गावाच्या लेखात कोणी काय बदललं ते तिथून कळतं.

जोडल्यावर प्रत्येक फीडच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवाच. काही लेखक फीडमध्ये फक्त पहिल्या चार ओळी सोडतात. तिथे 'फेच फुल आर्टिकल' चालू केलं की ॲप मूळ पान उघडून मजकूर उचलतं. साधारण ब्लॉगवर हे छान जमतं, पैसे भरून वाचायच्या साइटवर जमत नाही. नोटिफिकेशन फीडगणिक चालू-बंद करता येतं, आणि हीच या ॲपची खरी खुबी. चार महिन्यांतून एकदा लिहिणाऱ्यासाठी ते चालू ठेवा, वर्तमानपत्रासाठी बंद. किंबहुना वर्तमानपत्राची मुख्य फीड घेऊच नका. दुपारपर्यंत शेकडो न वाचलेल्या बातम्या साचतात आणि ज्या ब्लॉगसाठी ॲप घेतलं तोच खाली दबतो. नको त्या विषयाचा शब्द ब्लॉक लिस्टमध्ये टाकायची सोय आहे, तीही इथे कामी येते.

नवे लेख येत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा फोनमुळे उद्भवते. बॅटरी वाचवायला अँड्रॉइड मागे चालणारी कामं थांबवतो, त्यामुळे फीडरला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा. एकच फीड अडली असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडून पाहा. वर्डप्रेसच्या थीममधल्या एखाद्या फाइलमुळे फीडच्या अगदी सुरुवातीला रिकामी ओळ घुसली तरी एक्सएमएल, म्हणजे फीड ज्या साच्यात लिहिलेली असते तो, चुकीचा ठरतो आणि ॲपला ती वाचता येत नाही. ती दुरुस्ती लेखकालाच करावी लागते. त्याला कळवलंत तर त्याचे इतर वाचकही तुमचे आभार मानतील. ४०३ आलं तर साइटने रीडरला बॉट समजून अडवलंय, ४२९ आलं तर मागणी फार वेळा होतेय. दर तासाला तपासणी पुरते, ब्लॉगांना तर दिवसातून दोनदाही. तीच पोस्ट पुन्हा पुन्हा नवी म्हणून येत असेल तर साइट तिचा ओळख-क्रमांक बदलत असते.

उणीव एकच, पण मोठी. सगळी तपासणी फोनच करतो. वर्डप्रेसची फीड मुळात शेवटच्या १० पोस्टच दाखवते. फोन आठवडाभर बंद राहिला आणि तेवढ्यात १५ पोस्ट पडल्या, तर पहिल्या पाच तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. इनोरीडरसारखी सेवा किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेला फ्रेशआरएसएस हा रीडर तुम्ही झोपलेले असतानाही फीड गोळा करतो, आणि वाचल्याच्या खुणा संगणकावरही दिसतात. कामासाठी शेकडो स्रोत पाहणाऱ्या पत्रकाराने किंवा संशोधकाने तिकडेच जावं. पन्नासेक ब्लॉग फोनवर वाचणाऱ्याला फीडर पुरून उरतं.

फोन बदलण्याआधी मेनूतून ओपीएमएल फाइल (जोडलेल्या फीडची यादी) काढून स्वतःला मेल करून ठेवा. खातंच नसल्यामुळे यादी दुसरीकडे असेलच असं नाही. हीच फाइल इनोरीडर आणि फ्रेशआरएसएसमध्येही जशीच्या तशी उघडते.